लॅपटॉपचं तांबं

आमच्या घरात यंत्र 'बिघडलं' एवढंच म्हणायची सोय नव्हती. मिक्सर बिघडला म्हटलं की पप्पा विचारायचे, "म्हणजे नेमकं काय झालं? फिरत नाही, की फिरतो पण वाटत नाही, की नुसता ओरडतो?" एवढं सांगता आलं नाही तर ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. मशीनचे एकमेकांवर सरकणारे भाग हाताने घासून बिनचूक बसवायचे, हे त्यांचं खास काम, आणि ते काम आलं की साहेब दुसऱ्या कुणाला हाक मारत नसत. हे मी अभिमानाने सांगते आहे हे खरं, पण त्या वयात मला त्याचा अभिमान वगैरे काही नव्हता. मला वाटायचं, लोखंडावर लोखंड घासण्यात कसलं आलंय डोकं.

तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यात दिवसभर काही ना काही वाजत असायचं. सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न. मग पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये पत्रा दाबून आकार देणारा एक पॉवर प्रेस होता, तो दर चार-पाच सेकंदांनी 'धप्प' करायचा. पाहुणे आले की पहिला तासभर दचकायचे. आम्हाला मात्र तो बंद पडला की चुकल्यासारखं व्हायचं. पप्पा पहिल्या पाळीला असले की चार वाजता घरी यायचे. हातपाय धुऊन चटईवर बसायचे आणि आई त्यांच्यापुढे चहा आणि भाकरीचा कुस्करा ठेवायची. सकाळची भाकरी चुरून, भरपूर कांदा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून फोडणीला टाकलेली. आईचं माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे आमच्याकडे कांदा पोत्याने यायचा आणि आई तो हात न आखडता वापरायची. तो कुस्करा मी नंतर पुष्कळदा करून पाहिला. जमत नाही. माझी भाकरीच मुळात पातळ होते, हे त्याचं कारण मला माहीत आहे.

अशा ह्या घरात तो लॅपटॉप आला. माझा मामेभाऊ दिनेशदादा बंगलोरला नोकरीला होता. कंपनीने त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं तेव्हा जाता जाता तो आपला जुना लॅपटॉप मला देऊन गेला. साधासुधा नव्हे, खास गेम खेळण्यासाठी केलेला. सतरा इंची पडदा, झाकणावर लाल पट्टा आणि वजन चार किलो. आईने तो उचलून पाहिला. ती चिडली किंवा तिला हसू आलं की तिची अहिराणी बाहेर पडायची. "हाई काय शे वं? लॅपटॉप का पाटा?" मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत गेम खेळायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाला वाटलं, मुलगी ईमेल बघायला आली असेल. त्याने मला दाराजवळचा, गेम नसलेला कॉम्प्युटर दिला. मी उठून आतल्या रांगेत जाऊन बसले. खेळ पाचजणांच्या दोन संघांचा होता, एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने जागा राखायची. महिन्याभरात आतल्या रांगेतली मुलं माझ्यासमोर यायला कचरायला लागली. ही बढाई वाटेल, पण मी होतेच चांगली. तेव्हाही मला ते ठाऊक होतं आणि मी ते लपवत नव्हते.

त्या रांगेतल्या एका इंजिनिअरिंगच्या संघाचा कप्तान ओंकार. त्यांचा पाचवा गडी नोकरी लागून पुण्याला गेला आणि तीन आठवड्यांवर शहरातल्या सगळ्या कॉलेजांची स्पर्धा आली; संघात दुसऱ्या कॉलेजचा गडीही चालणार होता. पाचव्या जागेसाठी दोघं होतो : मी आणि ओंकारचा रूममेट कुणाल. ओंकार म्हणाला, "हे बघ, स्पर्धेत प्रत्येकाने स्वतःचं मशीन आणायचंय. कुणालचं मशीन गावी आहे आणि तेही जुनाट. तुझ्याकडे लॅपटॉप आहे म्हणतेस. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी माझ्या फ्लॅटवर घेऊन ये. पूर्ण मॅच खेळून दाखव. पाऊण तास. मधे अडकलीस तर कुणालला घेऊ, त्याच्यासाठी मशीन बघू कुठूनतरी." मी म्हटलं, पाऊण तास काय, दोन तास खेळते.

घरी येऊन बसले आणि पंधराव्या मिनिटाला माझं तोंड बंद झालं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा : चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो. साठ असला की खेळ लोण्यासारखा चालतो. माझा लॅपटॉप पंधरा मिनिटं साठ दाखवायचा, मग चाळीस, मग अठरा. अठराला समोरचा माणूस दारात दिसायचा आणि पुढच्या क्षणी थेट माझ्या पाठीमागे असायचा. म्हणजे मी मेलेली.

मग मी त्या लॅपटॉपची ग्राफिक्सची ताकद वाढवायच्या मागे लागले. शालिमारजवळच्या एका दुकानदाराने सांगितलं, "मॅडम, ह्यातलं ग्राफिक्स कार्ड बदलायला पार्टच मिळत नाही इथे. नवा घ्या." मी रॅम दुप्पट केली, गेम सुरू लवकर झाला, अडकला मात्र वेळेवरच. कॅफेतून सीडीवर नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, आणून टाकले. काही फरक नाही. चित्राचा दर्जा इतका खाली आणला की माणसं विटा रचून केल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा कुठे पाच मिनिटं जास्त मिळाली. शेवटी आईचं पितळी ताट उपडं घालून, त्यावर ओला नॅपकिन, त्यावर लॅपटॉप असा प्रकार केला. आई म्हणाली, "ताप आलाय का त्याला? मग कपाळावर ठेव ना पट्टी, खाली काय ठेवतेस?"

हे चाललेलं असताना पप्पा चटईवर कुस्करा खात होते. खाणं संपवून ते उठले, हात पुसले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात बेअरिंगचा आवाज ते असाच ऐकायचे. मला इतकी लाज वाटली की मी दाराकडे बघितलं, कुणी आलं तर नाही ना. मग त्यांनी जाळीसमोर तळहात धरला.

"पंखा जोरात फिरतोय, पण वारा बाहेर येत नाही," ते म्हणाले. "तुझं ते कार्ड काही लहान पडत नाहीये. तापतंय म्हणून जिवाच्या भीतीने हळू चालतंय. ताकद आहे त्याच्यात. ती बाहेर येत नाही."

मला हे पटलं, कारण पुस्तकातही तेच होतं. पण दुकानदार, सीडी, नॅपकिन ह्या सगळ्याच्या नादात मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. सोमवारी दुपारी आम्ही तो खोलला. पप्पांची पद्धत अशी की एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे तो पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. अठ्ठावीस स्क्रू निघाले. आत तांब्याची एक चपटी नळी होती. तिचं एक टोक ग्राफिक्सच्या चिपवर बसलेल्या तांब्याच्या चकतीला जोडलेलं आणि दुसरं पंख्यासमोरच्या जाळीला. जाळीत दिनेशदादाच्या खोलीतली तीन वर्षांची धूळ लोकरीच्या पट्टीसारखी दाबून बसली होती. चिप आणि तांब्याच्या मधे लावायची पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती नवी आणायला मी शालिमारला गेले.

परत आले तेव्हा पंखा रॉकेलमध्ये पोहत होता.

पप्पांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. सातपूरला, अंबडला, कुठल्याही शेडमध्ये जा; खोललेला भाग रॉकेलच्या डब्यात टाकायचा, ब्रशने घासायचा आणि पुसून उन्हात ठेवायचा, ही पहिली पायरी. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. मला बघून ते खुशीत म्हणाले, "बघ, कसा लख्ख झाला!" मी पंखा बाहेर काढला, दोन तास छताच्या पंख्याखाली वाळवला, सगळं जोडलं. पंखा फिरला तो किंचाळतच. त्याच्या आसाला असलेलं तेल रॉकेलने धुऊन नेलं होतं. पाचव्या मिनिटाला लॅपटॉप आपोआप बंद झाला आणि घरभर रॉकेलचा वास सुटला.

मी तेव्हा जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते. "हे तुमचं लेथ मशीन नाही, पप्पा! दिसेल ते रॉकेलमध्ये बुडवायचं, एवढंच येतं तुम्हाला. पंचवीस वर्षं तेवढंच केलंत!"

पप्पांनी खाली अंथरलेला पेपर चार घड्या घालून उचलला आणि डबा मोरीत नेऊन ठेवला. रोज पहाटे निघताना ते माझ्या अंथरुणापाशी थांबून "मनू, येतो गं" म्हणायचे. मंगळवारी म्हणाले नाहीत. मी जागीच होते. बसचा हॉर्न वाजला, गेट लागल्याचा आवाज आला, आणि मला रडू कोसळलं. माझी जागा जाणार म्हणून रडतेय अशी मी स्वतःची समजूत घातली.

आईने दुपारी मला मशीनपाशी बोलावलं. "जिभेला काही हाड? तुझ्या मैत्रिणींच्या बापांनी हात तरी लावला असता का त्या डबड्याला?" मी मान खाली घालून उभी राहिले. आईचा राग फार वेळ टिकायचा नाही, कारण तिला कामं असायची. "आण तो पंखा इकडे." पंख्याच्या पाठीवर एक गोल कागद चिकटवलेला होता. आईने नखाने तो उचकटला, खाली आसाचं टोक दिसत होतं. शिलाई मशीनच्या तेलाच्या कुपीतून तिने त्यावर एक थेंब सोडला, बोटाने पातं फिरवलं आणि दुसरा अर्धा थेंब. कागद परत चिकटवला. "माझं मशीन वीस वर्षं ह्याच्यावरच चालतंय," ती म्हणाली आणि पायडल मारायला लागली. पंखा जोडला तर आवाज पार गेला. लॅपटॉप आता पंधराऐवजी वीस-पंचवीस मिनिटं टिकत होता, पाऊण तास मात्र नाही. पेस्ट मी सढळ हाताने लावली होती, धूळ निघाली होती, पंखा ठीक होता, आणि तरी तो तापत होता. आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रविवार पाच दिवसांवर होता.

बुधवारी पप्पा घरी आले ते डब्याच्या पिशवीतून एक चपटी डबी घेऊन. बूटपॉलिशची असते तेवढी. चहा घेतला, कुस्करा खाल्ला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोल परत."

मी खोलला. चिपवरून तांब्याची चकती उचलली तेव्हा दोन्हींवर माझी पांढरी पेस्ट माखलेली होती. मी ती पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब, थांब. पुसू नको, वाच. कडेला बघ पेस्ट किती पातळ आहे आणि मधे केवढा थर! म्हणजे कडा टेकतायत, मधलं टेकतच नाही. पेस्ट काय भिंतीची पुट्टी आहे, खड्डा बुजवायला?"

मग त्यांनी डबी उघडली. आत गडद निळं, तुपासारखं काहीतरी होतं. कारखान्यात त्याला ब्ल्यू म्हणतात. जुन्या शोकेसची जाड काच आमच्या पलंगाखाली होती. तिच्यावर त्यांनी बोटाने ब्ल्यूचा इतका पातळ हात दिला की काच नुसती सावळी झाली. नळीचा लांब भाग काचेबाहेर लोंबता ठेवून चकती त्या काचेवर हलकेच टेकवली, जरा फिरवली आणि उलटी केली. तांब्याच्या चारी कडांना निळी चौकट उमटली होती. मधला भाग कोरा.

"काच सपाट. जिथे निळं लागलं तिथे टेकतंय, जिथे नाही लागलं तिथे खड्डा. ह्याला म्हणतात ब्ल्यू मॅचिंग."

"पण कंपनीने केलंय ना ते, एवढ्या मोठ्या!" मी म्हटलं.

"कंपनीत कोण असतं? माणसंच असतात. मी पण कंपनीच आहे."

बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस चार ते सहा एवढंच काम चाललं. काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, आणि त्यावर चकती आठच्या आकड्यासारखी फिरवायची. दहा फेरे झाले की काटकोनात वळवायची, परत दहा. मग पुसून ब्ल्यू लावून बघायचं. खस्स, खस्स, खस्स, आणि मधे पॉवर प्रेसचा धप्प. गुरुवारी निळी चौकट जाड झाली. त्यांनी पेपर आणखी बारीक घेतला. मला वाटत होतं, जरा जोर लावला तर आजच होईल. तसं मी म्हटलंही. पप्पांनी चकती माझ्या हातात दिली. मी जोर लावून वीस फेरे मारले. ब्ल्यू लावून पाहिलं तर एक कोपरा वाजवीपेक्षा खाली गेला होता. ते रागावले नाहीत. "दाबायचं नाही. तांब्याचं स्वतःचं वजन पुरेसं आहे, आपण फक्त फिरवायचं," म्हणाले, आणि माझा तो कोपरा सारखा करण्यात गुरुवार संपला.

त्या तीन दुपारी मी त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. उजव्या अंगठ्याचं नख फाटून वाकडं वाढलेलं होतं, बोटांच्या भेगांत काळं कायमचं मुरलेलं. त्या जाडजूड बोटांना केसाच्या जाडीहूनही कमी उंचवटा कळत होता. डोळे मिटून ते तांब्यावरून करंगळी फिरवायचे आणि सांगायचे, "इथे थोडं आहे अजून." ब्ल्यू लावून बघितलं की तिथेच असायचं. मी पुढे आयुष्यभर ह्याच कामात राहिले. अंबडच्या एका कारखान्यात मोठ्या इलेक्ट्रिक पॅनलच्या आतली उष्णता बाहेर काढायची यंत्रणा बसवणं, हा माझा धंदा आहे. आता तापमान मोजायला कॅमेरे आहेत, त्यात गरम जागा लाल दिसते. तरी तक्रार आली की मी आधी पॅनल खोलून बघते, काय कशाला टेकतंय. बरोबरची तरुण मुलं हसतात. हसू देत.

शुक्रवारी साडेपाचला पप्पांनी चकती उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. कडेपासून कडेपर्यंत सगळीकडे सारखं निळं. एवढंसं तांबं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण मी त्याच्याकडे बघतच राहिले. आईने मशीन थांबवून मान वळवली, "झालं का एकदाचं?" असं म्हणाली. पप्पा उठून मोरीकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. त्यांच्या हातात ब्ल्यू लागलेली ती चकती होती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे कशाने धुवू?"

पंचवीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस मला विचारत होता. "स्पिरिटने," मी म्हटलं, "मी आणते मेडिकलमधून. आणि पप्पा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. तसं मला म्हणायचं नव्हतं."

"रॉकेल चुकलंच होतं माझं," ते म्हणाले. "बोललीस ते बरोबर होतं. शेवटचं वाक्य तेवढं जास्त झालं." मी हो म्हटलं. मग मी स्पिरिट आणायला पळाले.

शनिवारी जोडणी. पेस्ट ह्या वेळी तांदळाच्या दाण्याएवढीच. चकतीचे चार स्क्रू पप्पांनी मला एका बाजूने घट्ट करू दिले नाहीत. एका कोपऱ्याला अर्धा फेरा, मग समोरच्या तिरक्या कोपऱ्याला अर्धा, असं चारी सारखे उतरवत नेले. लॅपटॉप सुरू केला, चित्राचा दर्जा होता तिथे वर नेला, गेम लावला. पंधरा मिनिटं, साठ. अर्धा तास, साठ. तासाभराने अठ्ठावन्न झाला आणि परत साठ. जाळीतून गरम वारा भसाभसा बाहेर येत होता. मी आईला उचलायचाच प्रयत्न केला. पप्पा स्क्रू ड्रायव्हर पुसत म्हणाले, "आता मशीनला नावं ठेवायला जागा नाही हं तुला."

रविवारी त्यांनीच मला स्कूटरवर गंगापूर रोडला ओंकारच्या फ्लॅटपाशी सोडलं आणि म्हणाले, "खाली थांबतो." वर ओंकार, कुणाल आणि संघातले बाकी तिघं होते. दुसऱ्या एका कॉलेजचा संघ सरावासाठी बोलावला होता. मॅच सुरू झाली आणि पहिल्या तीन डावांत मी तीनदा मेले. मशीन तर पाण्यासारखं चाललं होतं. मग माझ्या लक्षात आलं, की अडकणाऱ्या लॅपटॉपवर खेळून खेळून मला सवय लागली होती : दार आलं की थबकायचं, चित्र स्थिर होईपर्यंत वाट बघायची. आता वाट बघायचं काही कारण नव्हतं आणि मी तरी बघत होते. चौथ्या डावात मी थांबलेच नाही. पुढचा अर्धा तास माझं मला भान नव्हतं. आम्ही जिंकलो.

ओंकार उठून माझ्या मागे आला. लॅपटॉपच्या अंगाला हात लावून बघितला. "कसला थंड आहे! भन्नाट मशीन आहे यार." मग तो कुणालकडे बघून मला म्हणाला, "एक सुचवू का? स्पर्धेत ह्याच्यावर कुणालला बसवू. त्याचा आमच्याबरोबर सराव जास्त आहे. तू राखीव राहा. नाव असेलच तुझं टीममध्ये."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडल्यावर काय होतं ते मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं. "ओंकार, ह्याच्या आतलं तांबं माझ्या वडिलांनी तीन दिवस हाताने घासलंय. ते मी खेळावं म्हणून. मी खेळणार असेन तर हे मशीन येईल. नाहीतर मी घरी चालले, आणि हेही." वायर गुंडाळायला घेतली.

संघातला सलीम, जो एरवी मान वर करत नसे, आपल्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "स्कोअर तर बघ ना भाई. दोन्ही टीममध्ये मिळून हीच वर आहे. ते पण पहिले तीन राउंड वाया घालवून." ओंकारने बघितलं. कुणालनेही बघितलं, आणि त्याचा मोठेपणा म्हणून सांगते, तोच म्हणाला, "तिलाच घे. मी पण तिलाच घेतलं असतं." मी खाली आले, पप्पांना म्हटलं, "घेतलं मला." त्यांनी स्कूटरला किक मारली. सातपूरपर्यंत गाडी नेहमीपेक्षा जोरात चालवली.

स्पर्धेत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. शेवटचा डाव, दोन्हीकडे गुण सारखे, माझ्याकडे एकच कोपरा राखायचं काम. दोन मिनिटं काही झालं नाही, मला राहवलं नाही, आणि मी पुढे गेले. शत्रू त्याच कोपऱ्यातून आत शिरला. परत येताना बसमध्ये मी चार कारणं तयार केली : हॉल कोंदट होता, खुर्ची खाली होती, आवाज नीट येत नव्हता, ओंकारने उशिरा सांगितलं.

चार वाजले होते. पप्पा चटईवर बसले होते. मी लॅपटॉप खाली ठेवला.

"तापला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अडकला?"

"एकदाही नाही. शेवटपर्यंत साठ."

"मग हरलात कशाने?"

मी चारही कारणं मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली. त्यातलं एकही त्यांच्यासमोर उच्चारवेना. "माझ्यामुळे," मी म्हटलं. "मला एक कोपरा राखायचा होता. मी तो सोडून पुढे गेले."

पप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग असे हसले की आईने मशीन थांबवून काय झालं ते विचारलं. "मशीनची चूक असती तर मी घासली असती," ते म्हणाले. "ही तुझी आहे. तू घास."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी कॅफेत गेले, आतल्या रांगेत बसले, आणि तो एकच कोपरा धरून दोन तास जागची हलले नाही.